आईबाबांच्या पाठीचा एमआरआय: गादीबरोबर हाडही बघून घ्या

पाठदुखीचा एमआरआय हातात पडला की घरातली मंडळी त्यात एकच गोष्ट शोधतात: गादी. 'एल-4 एल-5 डिस्क बल्ज' एवढं वाचलं की "गादी सरकलीय" असं सगळ्यांना कळवलं जातं आणि फाईल कपाटात जाते. वय चाळिशीचं असेल तर हे एक वेळ चालेल. सत्तरीच्या माणसाच्या रिपोर्टात मात्र बल्ज नसता तरच नवल. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन तपासले होते, तेव्हा ऐंशीच्या घरातल्या 84 टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. वयस्कर माणसाच्या दुखण्याचं खापर गादीवर फोडणं सोपं असतं, आणि पुष्कळदा चुकीचं.

त्याच फिल्मवर, दोन गाद्यांच्या मध्ये, मणक्याचं हाड असतं. ते चेपलंय का, ठिसूळ होत चाललंय का, याची बरीच माहिती तिथे आयती पडून असते. कोणी विचारत नाही, म्हणून ती रिपोर्टात अर्ध्या ओळीत उरकली जाते किंवा येतच नाही. मी रेडिऑलॉजी विभागात काम करते आणि हे रोज बघते. आईला किंवा वडिलांना पहिल्यांदाच एमआरआयला घेऊन जाणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. निव्वळ हाडांची घनता मोजण्यासाठी एमआरआय करायचा नसतो. त्यासाठी डेक्सा स्कॅन आहे. तो दहा-पंधरा मिनिटांत होतो आणि एमआरआयच्या मानाने बराच स्वस्त पडतो. इथे प्रश्न वेगळा आहे: पाठीसाठी एमआरआय होणारच आहे किंवा झालाच आहे, तर त्यातून हाडाविषयी काय काय काढून घेता येईल?

पायरी 1: आधी घरीच चार गोष्टी तपासा

मणका चेपण्यासाठी माणूस जिन्यावरून पडावाच लागतो असं नाही. हाडं ठिसूळ असतील तर पाण्याची बादली उचलताना, रिक्षा खड्ड्यात आदळल्यावर, जोराच्या खोकल्यानेसुद्धा मणका चेपतो. आणि अशा फ्रॅक्चरपैकी बहुसंख्य कोणाच्या लक्षातच येत नाहीत, "वयोमानाने दुखतंय" म्हणून सोडून दिली जातात.

म्हणून आधी उंची मोजा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा 4 सेंटिमीटर किंवा जास्त कमी भरली तर मणका चेपल्याची शंका घ्यायला हवी. तरुणपणीची उंची कुठून आणायची? जुन्या नोकरीच्या मेडिकल सर्टिफिकेटवर बहुधा मिळते. नाहीतर घरातल्या खुणा बघा: नेहमीचा पायजमा आता जमिनीला लागतो, पाठीला पोक आलंय, भिंतीला टाच आणि पाठ टेकवून उभं केलं तर डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकत नाही.

दुसरी गोष्ट, दुखणं कधी सुरू झालं ते नेमकं विचारा. "अमुक दिवशी, अमुक करताना कटकन झालं" असं उत्तर आलं तर ते महत्त्वाचं आहे. उभं राहिल्यावर, कूस बदलताना दुखतं आणि पडून राहिल्यावर बरं वाटतं, हेही चेपलेल्या मणक्याचं लक्षण असू शकतं. तिसरी गोष्ट औषधांची: दमा, संधिवात किंवा त्वचेच्या आजारासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच महिने घेतल्यात का? गावाकडच्या 'दुखण्याच्या पुड्या'ही यात धरा, कारण त्यात काय घातलेलं असतं याची खात्री नसते. चौथी, आधी मनगट किंवा खुबा मोडला होता का, आईची पाळी 45 च्या आत गेली होती का.

मात्र पायांतली ताकद कमी होणं, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, जांघेत बधिरपणा येणं यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असणं, यातही थांबू नका.

पायरी 2: चिठ्ठीवर काय लिहून घ्यायचं

बहुतेक चिठ्ठ्यांवर फक्त 'एमआरआय एलएस स्पाइन, बॅकेक', म्हणजे 'कंबरेच्या मणक्यांचा एमआरआय, पाठदुखी', एवढंच असतं. यातून रेडिऑलॉजिस्टला काही कळत नाही, मग तोही गाद्या आणि नसा बघून मोकळा होतो. डॉक्टरांना विनंती करून वय, कधीपासून दुखतंय, पडण्याचा प्रसंग, स्टेरॉइड, आधीचं फ्रॅक्चर आणि 'ऑस्टिओपोरोटिक फ्रॅक्चर आहे का' (म्हणजे हाड ठिसूळ झाल्यामुळे मोडलंय का) हा प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या. आम्हाला प्रश्न मिळाला की उत्तर शोधलं जातं.

सेंटरवर दोन गोष्टी विचारा. पहिली, स्टर सीक्वेन्स घेणार ना? स्टर म्हणजे चरबीचा उजेड दाबून पाणी आणि सूज चमकवणारी चित्रांची मालिका. ताजं फ्रॅक्चर त्यातच उठून दिसतं. दुसरी, होल स्पाइन स्क्रीनिंग मिळेल का? एलएस स्पाइनच्या चित्रात कंबरेचे पाच मणके आणि त्यांच्या वरचे एक-दोन येतात. खांद्याच्या पात्यांमध्ये चेपलेला मणका त्यात दिसणारच नाही. आपल्याकडे बऱ्याच सेंटरवर एलएस स्पाइनबरोबर सगळ्या कण्याची एक झटपट मालिका काढून देतात, कधी थोडे जास्त पैसे लागतात. पोक आलेलं असेल तर ते द्यावेत असं माझं मत आहे.

कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन हाडाच्या ठिसूळपणासाठी लागत नाही. गाठ किंवा जंतुसंसर्गाची शंका असेल तरच ते देतात आणि त्याआधी किडनीची तब्येत, म्हणजे क्रिएटिनिन, बघतात.

पायरी 3: मशीनच्या खोलीत

एमआरआयमध्ये एक्स-रेसारखे किरण नसतात, पण चुंबक चोवीस तास चालू असतो. पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप, कानातलं इम्प्लांट यांपैकी काही असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा आणि त्याचं कार्ड बरोबर ठेवा. हृदयातला स्टेंट आणि बदललेला गुडघा बहुतेक वेळा अडथळा ठरत नाही, तरी डिस्चार्ज कार्ड दाखवा. वडिलांनी लेथवर किंवा वेल्डिंगचं काम केलं असेल तर डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हेही सांगा. हे कोणी आपणहून विचारेलच असं नाही.

आमच्याकडे सगळ्यात जास्त काय सापडतं तर सेफ्टी पिना. बांगडीत अडकवलेल्या, मंगळसूत्रात ओवलेल्या, पदराला लावलेल्या, परकराच्या नाडीजवळ ठेवून विसरलेल्या. "सगळं काढलं" म्हणणाऱ्या आजींकडे निदान एक तरी निघते. कवळी, श्रवणयंत्र, जोडवी, केसातल्या पिना, ताईत, दंडावरचा शुगरचा सेन्सर, दुखण्यासाठी लावलेला पॅच, सगळं बाहेर. न निघणाऱ्या पाटल्यांबद्दल टेक्निशियनला आधी सांगा, परस्पर ठरवू नका.

वीस-तीस मिनिटं न हलता उताणं पडायचं असतं आणि पोक आलेल्या माणसाला नेमकं हेच जमत नाही. डोक्याखाली आणि गुडघ्यांखाली उशी मागून घ्या. डॉक्टरांना विचारून दुखण्याची गोळी तासभर आधी द्या. आत जाण्याआधी लघवीला नेऊन आणा. ठोकल्यासारखा मोठा आवाज येणार आहे, कानाला हेडफोन लावतील आणि हातात दाबायला बटण देतील, हे घरीच सांगून ठेवलं तर निम्मी धास्ती कमी होते. माणूस हलला की चित्र पुसट येतं आणि पुसट चित्रात हाडाचं काहीच नीट कळत नाही.

निघताना फिल्मबरोबर सीडी किंवा डाऊनलोडची लिंक मागून घ्या. पुढच्या पायरीसाठी ती लागणार आहे.

पायरी 4: चित्रात हाड कसं बघायचं

निदान करणं हे रेडिऑलॉजिस्टचं काम, ते त्यांच्याकडेच राहू द्या. पण नेमका प्रश्न विचारता यावा इतपत चित्र कोणालाही वाचता येतं.

सीडी उघडली की बाजूने घेतलेली चित्रं शोधा. नावात 'सॅजिटल टी-वन' असं असतं. मालिकेच्या मधोमध या, जिथे मणक्यांच्या मागून मज्जारज्जूची नळी सलग उतरताना दिसते. खालून मोजा: माकडहाडाच्या वरचा त्रिकोणी भाग सोडला की पहिला चौकोनी मणका एल-5, त्यावर एल-4 असं एल-1 पर्यंत आणि त्यावर डी-12. (परदेशातल्या रिपोर्टात याच डी-12 ला टी-12 म्हणतात. टी-वन सीक्वेन्स, टी-12 मणका आणि डेक्साचा टी-स्कोअर (घनतेचा आकडा) या तीन 'टी'ंचा एकमेकांशी काही संबंध नाही.) काही जणांच्या एल-5 ची ठेवणच वेगळी असते आणि मोजणी एकाने चुकते, म्हणून खात्री रिपोर्टातून करा.

आता आकार बघा. निरोगी मणका साधारण चौकोनी असतो, पुढची आणि मागची उंची जवळपास सारखी. ठिसूळ मणका पुढून चेपला की पाचरीसारखा होतो, मधून खचला की वरखालून वाटीसारखा दिसतो. सगळ्यात जास्त मार खातात ते डी-12 आणि एल-1, कारण बरगड्यांमुळे ताठ असलेला भाग आणि कंबरेचा लवचिक भाग तिथे जोडले जातात. सीडीच्या व्ह्यूअरमध्ये मोजपट्टी असते. समजा, मागची उंची 26 मिलिमीटर आणि पुढची 18 भरली, तर 8 मिलिमीटर म्हणजे सुमारे 31 टक्के उंची गेली. मणका किती चेपलाय ते ठरवायच्या जेनांट पद्धतीत 20 ते 25 टक्के घट सौम्य, 25 ते 40 मध्यम आणि त्यापुढची तीव्र धरतात. म्हणजे हा मणका मध्यम चेपलेला. रिपोर्टात 'वेज कॉम्प्रेशन' किंवा 'लॉस ऑफ हाइट' असे शब्द असतील ते याच अर्थाचे.

मग ताजं की जुनं? टी-वन चित्रात तो मणका शेजाऱ्यांपेक्षा काळपट आणि स्टरमध्ये पांढरा चमकत असेल तर आत सूज आहे, फ्रॅक्चर अलीकडचं आहे. आकार बिघडलाय पण दोन्हीकडे रंग शेजाऱ्यांसारखाच आहे, तर ते जुनं. एक्स-रेमध्ये हा फरक सहसा कळत नाही, इथे एमआरआय खरोखर उजवा ठरतो. आजचं दुखणं कोणत्या मणक्याचं आहे हे त्यावरून ठरतं. जुनं फ्रॅक्चर आजच्या दुखण्याला जबाबदार नसेल, पण मोठा अपघात झालेला नसेल तर हाडं ठिसूळ आहेत याची ती पावती आहे. किरकोळ कारणाने मणका मोडला असेल तर डेक्साचा आकडा काहीही येवो, ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, धरूनच पुढे जातात. 'ओल्ड फ्रॅक्चर' हे वाचून कोणी सुटकेचा निःश्वास टाकला की मला म्हणूनच चिंता वाटते.

शेवटी न चेपलेल्या मणक्यांचा रंग बघा. मणक्याच्या आत हाडाची बारीक जाळी असते आणि जाळीच्या पोकळ्यांत मगज (बोन मॅरो). हाड विरळ होतं तशी तिथे चरबी भरत जाते. टी-वन चित्रात चरबी पांढरी दिसते, त्यामुळे ठिसूळ मणके जास्त उजळ दिसतात, कधी ठिपकेदार, चितारल्यासारखे.

पायरी 5: उजळपणाचा आकडा

नुसत्या नजरेवर विसंबणं धोक्याचं, कारण स्क्रीनचा उजेड वाढवला की सगळंच उजळ दिसतं. म्हणून काही गटांनी हा उजळपणा मोजायच्या पद्धती काढल्या. इटलीतल्या संशोधकांनी 2015 मध्ये 'एम-स्कोअर' सुचवला. त्यात एल-1 ते एल-4 मधल्या सिग्नलची तुलना तरुण निरोगी व्यक्तींच्या सिग्नलशी करतात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने 2020 च्या सुमारास 'व्हीबीक्यू' (मणक्याच्या हाडाच्या दर्जाचा आकडा) मांडला, आणि कण्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांमध्ये हा बराच वापरला जातो, कारण ठिसूळ हाडात स्क्रू धरत नाहीत.

व्हीबीक्यूचं गणित शाळकरी आहे. टी-वनच्या मधल्या चित्रावर एल-1 ते एल-4 या चार मणक्यांच्या आत एकेक गोल काढायचा. कडा, मागून आत शिरणारी शीर आणि रक्तवाहिन्यांचा पांढरा ठिपका टाळायचा. चार आकडे मिळाले की त्यांतला मधला घ्यायचा आणि त्याला एल-3 च्या मागच्या पाण्याच्या, म्हणजे मज्जाद्रवाच्या, सिग्नलने भागायचं. कल्पनेतलं उदाहरण: चार मणके 420, 430, 440 आणि 450, मधलं मूल्य 435. मज्जाद्रव 140. भागाकार 3.1. आकडा जितका मोठा तितकी चरबी जास्त, म्हणजे हाडाचा दर्जा खालावलेला. डेक्साच्या टी-स्कोअरच्या हे उलट आहे, तिथे आकडा शून्याच्या जितका खाली तितकं वाईट.

घरी मोजून बघायला हरकत नाही, पण त्यावर औषध ठरवायचं नाही. मशीन, त्याची ताकद आणि सेटिंग यांनुसार आकडा हलतो, आणि अमुकच्या वर म्हणजे ऑस्टिओपोरोसिस अशी सर्वांना मान्य असलेली सीमारेषा नाही. शिवाय वयाबरोबर मगजातली चरबी तशीही वाढतच असते. या आकड्याचा उपयोग एवढाच, की "डेक्सा करून घ्या" असं ठामपणे म्हणता येतं.

पायरी 6: इथे फसगत होते

आपल्याकडे सगळ्यात मोठी फसगत रक्ताच्या कमतरतेमुळे होते. हिमोग्लोबिन कमी असलं की शरीर रक्त बनवणारा लाल मगज पुन्हा कामाला लावतं, चरबी मागे हटते आणि मणका टी-वनमध्ये काळपट दिसतो. हाड ठिसूळ असूनही उजळपणाचा आकडा चांगला येतो. कंबरेच्या भागावर रेडिएशन घेतलेल्यांत याच्या उलट: मगजाची सगळी चरबी झालेली, मणके पांढरेफटक, हाड कसंही असो.

त्याहून महत्त्वाची खूण म्हणजे गादीशी तुलना. प्रौढ माणसाचा मणका टी-वनमध्ये शेजारच्या गादीपेक्षा उजळ असायला हवा. गादीपेक्षाही काळा असेल तर मगजाची जागा दुसऱ्याच कशाने घेतली आहे का, ही शंका येते. मायलोमा (मगजातल्या पेशींचा कॅन्सर) किंवा दुसरीकडून पसरलेला कॅन्सर असा दिसू शकतो. मणक्याची मागची कड गोलसर फुगलेली, मागच्या कमानीपर्यंत रंग बदललेला, भोवती गाठीसारखं काही, ही लक्षणं ठिसूळपणाच्या विरोधात जातात. चेपलेल्या मणक्यात थोडा तरी चरबीचा पांढरा भाग शिल्लक असणं बहुधा दिलाशाचं. टीबीत बहुधा शेजारचे दोन मणके आणि त्यांच्या मधली गादी एकत्र खराब होतात, बाजूला पू साठलेला दिसतो. निव्वळ ठिसूळ हाडाच्या फ्रॅक्चरमध्ये गादी सहसा शाबूत असते. या सगळ्यात संशय आला तर रेडिऑलॉजिस्ट कॉन्ट्रास्ट किंवा बायोप्सी सुचवतात, आणि ती टाळू नये.

पायरी 7: रिपोर्ट आल्यावर

ऑर्थोपेडिक डॉक्टरांना सरळ विचारा: "मणक्यांची उंची कमी झाली आहे का? मगजाचा सिग्नल कसा आहे? डेक्सा करायचा का?" रिपोर्टात हाडाबद्दल एक शब्दही नसेल तर सेंटरला फोन करून पुरवणी टिप्पणी मागता येते. त्यात संकोच करू नका.

डेक्साला जाताना एमआरआयचा रिपोर्ट बरोबर न्या. चेपलेला मणका दाबला गेल्यामुळे डेक्सावर उलट घट्ट, म्हणजे चांगला दिसतो. कण्यावर वाढलेली हाडाची टोकं आणि महाधमनीतलं कॅल्शियमही आकडा फुगवतात. कोणता मणका चेपलाय हे कळलं तर टेक्निशियन तो वगळतात आणि खुब्याच्या आकड्यावर जास्त भर देतात. टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, उणे 1 ते उणे 2.5 च्या मध्ये ऑस्टिओपेनिया, म्हणजे त्याच्या अलीकडची पायरी. औषध दुकानाबाहेरच्या शिबिरात टाचेवर जे मशीन लावतात त्याच्या आकड्याला हे निकष लागू नाहीत.

रक्ताच्या तपासण्यांत कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, व्हिटॅमिन डी, थायरॉइड, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि ईएसआर साधारण असतात. मायलोमाची शंका असेल तर प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसही करतात.

औषधं डॉक्टर ठरवतील, घरच्यांनी तीन गोष्टी सांभाळायच्या. व्हिटॅमिन डीची 60,000 युनिटची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा असते. ती रोज घेऊन रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढवून बसलेले लोक दाखल होतात. हाडांसाठीच्या अलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. हाडांसाठीचंच डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असतं आणि ते मध्येच परस्पर थांबवलं तर मणके एकामागोमाग मोडण्याचा धोका असतो, तेव्हा पुढची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. दात काढायचे असतील तर अशी औषधं सुरू करण्याआधीच काढून घ्या.

औषध लागू पडतंय का हे बघायला दरवर्षी एमआरआय करायची गरज नाही. त्यासाठी डेक्सा, साधारण एक-दोन वर्षांनी आणि शक्यतो त्याच मशीनवर. एमआरआय पुन्हा लागतो तो नवं, वेगळं दुखणं अचानक सुरू झालं तर. तेव्हा जुनी सीडी बरोबर न्यायला विसरू नका. कोणता मणका आधीपासून चेपलेला होता आणि कोणता आता चेपला, हे जुनं चित्र शेजारी लावलं की लगेच कळतं.